जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक: आधी दोष ओळखा, मग पाना हातात घ्या

अ‍ॅम्बेसेडर असो की पद्मिनी, चारही चाकांना ड्रम असलेली गाडी कन्नडच्या घाटातून उतरवायची तर ब्रेकची पूर्ण खात्री हवी. या गाड्यांच्या जुन्या मॉडेलांत ब्रेक ऑइलची एकच लाइन असते. एका व्हील सिलिंडरचे (प्रत्येक चाकात ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) रबर फाटले की चारही चाकांचे ब्रेक जातात आणि हाती उरतो फक्त हँडब्रेक. लायनर (ड्रमवर घासणारे अस्तर) झिजल्याने टाकीतली पातळी फारशी उतरत नाही. त्यामुळे ऑइल पुन्हा पुन्हा भरावे लागत असेल तर गळती सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

पेडलवरून निदान

गाडी सपाटीला उभी करून पेडल दाबा. पहिल्यांदा खोल गेले आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येऊन कडक लागले, तर शू (लायनर बसवलेले, ड्रमला आतून दाबणारे कमानीसारखे तुकडे) आणि ड्रममधले अंतर वाढले आहे. बहुतेकदा हे अंतर कमी करायचे, म्हणजे फक्त सेटिंग करायचे असते. पंप करूनही पेडल स्पंजासारखे दबत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेले आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या जोराने सगळ्या लाइनमध्ये दाब देणारा भाग) रबर आतल्या आत ऑइल सोडते आहे.

ब्रेक लावल्यावर गाडी डावीकडे ओढत असेल तर दोष बहुतेकदा उजव्या चाकात असतो, कारण डावे चाक नीट पकडते आणि उजवे पकडत नाही. त्याआधी दोन्ही टायरची हवा सारखी करून बघा. पेडल पायाखाली धडधडत असेल तर ड्रम अंडाकृती झाला आहे.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे ब्रेक चिकटणे. पावसाळाभर शेडमध्ये उभी राहिलेली गाडी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा लग्नसराईला बाहेर काढली की व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकलेला असतो. पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, ड्रमला लावू नका. जे चाक तापले असेल ते उचलून फिरवा. अडत असेल तर ब्लीड निपल (व्हील सिलिंडरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सोडा. ऑइल उसळून चाक मोकळे झाले, तर लाइनमध्ये प्रेशर अडकले आहे: एकच पुढचे चाक असेल तर त्याची रबरी होज (नळी) आतून फुगली आहे, मागची दोन्ही असतील तर मधली होज बघा, चारही असतील तर मास्टर सिलिंडरचे परतीचे छिद्र बुजले आहे किंवा पेडलला जोडलेल्या पुशरॉडला मोकळीक उरलेली नाही. निपल सोडूनही चाक अडलेलेच राहिले, तर कारण ड्रमच्या आत आहे: गंजलेला पिस्टन, सैल पडलेली रिटर्न स्प्रिंग किंवा ताणलेली हँडब्रेक केबल.

ड्रम उघडताना

दुसऱ्या टोकाच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी घोडीवर (पक्क्या स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर भरवसा नको. मागचे ड्रम काढायचे तर हँडब्रेक सोडलेला हवा. ड्रम निघत नसेल तर अ‍ॅडजस्टर (शू-ड्रममधले अंतर कमी-जास्त करणारा भाग) पूर्ण सैल करा आणि लाकडी हातोड्याने कडेने गोल ठोका. आतली पूड हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि तो फुप्फुसात जातो. मास्क लावा आणि साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा.

एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंग कुठे अडकवायची हे दुसऱ्या बाजूला बघता येते. लायनर रिव्हेटच्या डोक्यापासून दीड मिलिमीटरच्या खाली आले असेल तर बदला. व्हील सिलिंडरचे रबरी टोपण उचलून बघा. आत ओल म्हणजे कप (सिलिंडरमधले रबर) गेला. मागच्या चाकात ओल दिसली तर ती चोळून बघा: पातळ आणि रंग सोलणारी असेल तर ब्रेक ऑइल, दाट, काळी आणि उग्र वासाची असेल तर एक्सल सीलमधून आलेले गिअर ऑइल. हा फरक न ओळखता नवे शू टाकले तर तेही लवकरच तेलकट होतात. तेल मुरलेले लायनर घासून किंवा जाळून सुधारत नाही.

सिलिंडरच्या आत नखाला चर लागत असेल तर नव्या रबरांचे किट टाकून उपयोग नाही, सिलिंडरच बदला. रबर पेट्रोल-डिझेलने धुऊ नका, ते फुगते. नवे ब्रेक ऑइल वापरा. ड्रम लेथवर मारायचा असेल तर एका एक्सलचे दोन्ही ड्रम सारख्या मापाला मारून घ्या. शूही जोडीनेच बदलायचे.

सेटिंग आणि हवा काढणे

आधी शू, मग हँडब्रेक. चाक जाम होईपर्यंत अ‍ॅडजस्टर घट्ट करा, पेडल दोन-तीनदा दाबा म्हणजे शू मधोमध बसतात, मग चाक अगदी हलके घासत मोकळे फिरेल इतके मागे घ्या. हे चारही चाकांना झाल्यावरच केबल ताणा. केबल ताणून शूची झीज लपवणे हे ब्रेक चिकटण्याचे मोठे कारण आहे.

हवा काढायला मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. साथीदाराने पेडल दाबून धरावे, निपल पाव फेरा उघडा, बंद करा, मगच त्याने पाय उचलावा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि टाकी मध्ये रिकामी होऊ देऊ नका. निघालेले ऑइल परत भरू नका. ते रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

डॉट 3 प्रकारचे ब्रेक ऑइल कोरडे असताना किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा 140 पर्यंत येते. जळगाव-भुसावळच्या 45 अंशांच्या उन्हात उताराला ब्रेक दाबून ठेवले तर जुने ऑइल उकळते आणि पेडल तळाला जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. घाट लळिंगचा असो की तोरणमाळचा, ज्या गिअरमध्ये गाडी चढेल त्याच गिअरमध्ये उतरवा.

नव्या लायनरवर पहिले शे-दीडशे किलोमीटर जोराने ब्रेक मारणे टाळा. त्यानंतर ड्रम गार असताना चारही चाकांचे सेटिंग पुन्हा एकदा करा.