गावात प्रेरणा मोजायची कशी: शाळा, काम आणि स्वतःचे निर्णय

आधी प्रश्न बारीक करून घ्या. ‘मुलांना अभ्यासाची गोडी आहे का?’ हा प्रश्न मोजायला घेतला की शेवटी हातात फक्त मतं उरतात. ‘सातवीतली मुलं शाळा सुटल्यावर घरी गणित सोडवतात ती कशासाठी?’ असं विचारलं तर काम पुढे सरकतं. एक वयोगट, एक कृती, एक वेळ. बचत गटातल्या बायांबद्दल असेल तर ‘गटात राहणं’ आणि ‘दर महिन्याच्या बैठकीला येणं’ या दोन वेगळ्या कृती धरा. त्यांची कारणंही बहुतेक वेळा वेगळी निघतात.

दुसरी गोष्ट, प्रेरणा किती आहे यापेक्षा ती कोणत्या जातीची आहे, हे शोधा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धान्तात कारणांची एक चढण मांडली आहे. खालच्या टोकाला बाहेरचं कारण असतं: मार, बक्षीस, मजुरी. त्याच्या वर मनातला दाब: लाज वाटेल, लोक नावं ठेवतील. त्याच्या वर पटलेलं कारण: हे मला पुढे कामाचं आहे. सर्वांत वर निखळ आवड. रायन आणि जेम्स कॉनेल यांनी १९८९ साली शाळकरी मुलांमध्ये या चारही पायऱ्या प्रश्नावलीने मोजून दाखवल्या. गावातल्या छोट्या अभ्यासालाही तीच रचना पुरते. ‘काऊन (का) करतो ते मलेच ठाऊक नाही’ असं उत्तर देणाऱ्यांसाठी मात्र वेगळा रकाना ठेवा, त्यांना चारपैकी एका खान्यात कोंबू नका.

प्रश्नावली पुस्तकातून उचलू नका, आधी कारणं गोळा करा. बारा-पंधरा मुलांना एकेकटं भेटून एवढंच विचारा: “घरी गणित काऊन करतं?” उत्तर त्यांच्या शब्दांत जसंच्या तसं लिहून घ्या. नवी कारणं येणं थांबलं की थांबा. मग त्याच शब्दांतून प्रत्येक पायरीची चार, अशी एकूण सोळा विधानं बनवा. उदाहरणार्थ:

बाहेरचं: “नाई केलं तं सर रागावतीन.”
मनातला दाब: “नाई केलं तं मले माझीच लाज वाटते.”
पटलेलं: “पुढं दुकानाचा हिशोब कराले गणित लागते म्हून करतो.”
आवड: “गणित सुटलं का मले मजा येते.”

एका विधानात दोन गोष्टी घालू नका. ‘मले गणित आवडते अन् सरही आवडतात’ याला एक उत्तर देताच येत नाही. नकारही टाळा. ‘मी अभ्यास टाळत नाही’ या विधानासमोर ‘अजिबात खरं नाही’ असा पर्याय आला की सहावी-सातवीचं मूल गोंधळतं, आणि तुमच्या आकड्यांत उलटसुलट उत्तरं शिरतात.

सर्वांत अवघड जागा आहे ती माय-बापाची. “बाप उन्हातान्हात वावरात राबते, त्याच्यासाठी शिकतो” हे कारण गावात हमखास येतं. घाईत त्याला बाहेरचं कारण म्हणून टाकलं जातं, आणि मग निष्कर्ष निघतो की गावच्या मुलांना आतून प्रेरणा नाही. असा निष्कर्ष मुलांवर अन्याय करतो. हे कारण दाबाचं असू शकतं, पटलेलंही असू शकतं. ओळखण्यासाठी जोडप्रश्न ठेवा: “घरी कोणाले कळलंच नसतं, तरी केलं असतं का?” आणि “एखाद दिवस राहून गेलं तं कसं वाटते?” कोणाला कळलं नसतं तरी केलं असतं, आणि राहून गेलं तर उद्या करीन असं उत्तर आलं, तर ते पटलेल्यात धरा. राहून गेल्यावर तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर दाबात धरा. छाननी करणारे दोघं असावेत, दोघांनी वेगवेगळं वर्गीकरण करावं आणि जिथे जमत नाही तिथे मुलाचे शब्द पुन्हा वाचावेत.

भाषेचा प्रश्न इथूनच सुरू होतो. अमरावती-अकोल्याकडे वऱ्हाडी वळणाची विधानं चालतात, भंडारा-गोंदियाकडे तीच झाडीबोलीत बसवावी लागतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया घरची भाषा असेल तर एकाने त्या भाषेत भाषांतर करावं, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मराठीत आणावं, आणि दोन्ही मराठी मजकूर शेजारी ठेवून फरक पाहावा. त्यानंतर सहा-आठ जणांकडून प्रत्येक विधान त्यांच्याच शब्दांत सांगून घ्या. ‘लाज’ हा शब्द ऐकून मुली हसल्या किंवा गप्प झाल्या, तर शब्द बदला.

उत्तरासाठी चार पर्याय पुरे: अजिबात खरं नाही, थोडंसं खरं, बरंच खरं, एकदम खरं. यांना १ ते ४ गुण. मधला ‘सांगता येत नाही’ ठेवला तर बरेच जण तिथेच बसतात. वाचता न येणाऱ्यांसाठी चार पेल्यांचं चित्र काढा: रिकामा, थोडा भरलेला, अर्ध्याहून जास्त, काठोकाठ. किंवा दहा तुरीचे दाणे हातात देऊन वाटीत टाकायला सांगा. मात्र एका अभ्यासात एकच पद्धत ठेवा, कारण पेल्याचे गुण आणि दाण्यांचे गुण एकत्र करता येत नाहीत.

भरून घेताना वर्गशिक्षक खोलीबाहेर हवेत. ही अट सोडू नका. सर समोर असले की ‘सर रागावतीन’ला कोणी ‘एकदम खरं’ म्हणत नाही. नावाऐवजी क्रमांक द्या, ‘ही परीक्षा नाही, बरोबर-चूक काही नाही’ हे दोनदा सांगा, आणि सरावाला दोन विधानं द्या: ‘मले आंबा आवडते’, ‘मले भांडे घासाले आवडते’. दोन्हींना सारखंच उत्तर देणारं मूल दिसलं तर पद्धत पुन्हा समजावा. चारही पायऱ्यांची विधानं मिसळून ठेवा आणि मोठ्याने वाचून दाखवा. सोळाही विधानांना एकच उत्तर आलेला कागद बाजूला काढा आणि असे किती निघाले ते अहवालात लिहा. मोठ्या माणसांत ‘हो जी, हो जी’ म्हणत सगळ्याला मान डोलावण्याची सवय असते. तिथे विधानाऐवजी निवड द्या: “या दोन बायांपैकी तुमच्यासारखी कोणती?”

आता हिशेब. प्रत्येक पायरीच्या चार विधानांची सरासरी काढा. मग आवडीला २ ने गुणा, पटलेल्याला १ ने, दाबाला उणे १ ने आणि बाहेरच्याला उणे २ ने, आणि बेरीज करा. ही बेरीज म्हणजे त्या मुलाचा निर्देशांक. समजा एका मुलीच्या सरासऱ्या अशा आहेत: बाहेरचं ३.५, दाब ३, पटलेलं ३.२५, आवड १.५. तिचा निर्देशांक ३ + ३.२५ − ३ − ७ म्हणजे −३.७५. दुसरीचं बाहेरचं १.५ आणि आवड ३.५, बाकी दोन्ही तेच. तिचा ७ + ३.२५ − ३ − ३ म्हणजे +४.२५. दोघींच्या चार सरासऱ्यांची नुसती बेरीज ११.२५ इतकीच येते, म्हणून ‘एकूण प्रेरणा’ काढणाऱ्याला या दोघी सारख्या दिसतात. निर्देशांकासोबत चारही सरासऱ्या छापा. शून्य निर्देशांक सगळं उंच असलं तरी येतो, सगळं खाली असलं तरी येतो.

चार विधानं एकाच गोष्टीबद्दल बोलतात का, ते क्रॉनबाखच्या अल्फावरून तपासा. जॅमोव्ही हे फुकट सॉफ्टवेअर तो काढून देतं. साधारण ०.७० च्या वर असेल तर चालवा. खाली असेल तर कोणतं विधान बाकीच्या तिघांशी जुळत नाही ते शोधा; बहुतेक वेळा ते दोन अर्थांचं निघतं. दोन आठवड्यांनी काही मुलांकडून पुन्हा भरून घेतलं तर उत्तरं टिकतात का तेही कळतं.

नमुन्याच्या आकारात हमखास चूक होते. दोन गटांत मध्यम फरक (अर्ध्या प्रमाण विचलनाचा; प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) पकडायला, नेहमीच्या ५ टक्के पातळीवर (नसलेला फरक चुकून दिसण्याचा धोका) आणि ८० टक्के खात्रीने, प्रत्येक गटात सुमारे ६४ जण लागतात. पण एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. तो सारखेपणा (० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे तंतोतंत) ०.१ असेल आणि वर्गातून २० मुलं घेतली, तर संख्या १ + १९ × ०.१, म्हणजे २.९ पट वाढवावी लागते. ६४ चे १८६ होतात. दर शाळेतून ८ च घेतली तर १.७ पट, म्हणजे १०९ वर भागतं, फक्त प्रत्येक गटाला शाळा १४ लागतात. मोटारसायकलचं पेट्रोल जास्त जाईल, पण आकडे भरवशाचे मिळतील.

फक्त बोलण्यावर थांबू नका, वागणंही पाहा. डेसीने १९७१ साली हेच केलं: कोडी सोडवणाऱ्यांना मध्येच ८ मिनिटं एकटं सोडलं, शेजारी मासिकं ठेवली, आणि कोणी सांगितलं नसताना ते कोड्याकडे किती वेळ वळतात ते पाहिलं. कोड्यांचे पैसे मिळालेल्यांचा कल पैसे थांबल्यावर कमी झाला. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांना बालवाडीतल्या मुलांमध्ये असंच दिसलं. बक्षीस मिळेल असं आधी सांगितलेली मुलं नंतर आपणहून कमी चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांत ही घट नव्हती. शाळेत हे करायला गणिताची कोडी, गोष्टींची पुस्तकं आणि रंगखडू एका टेबलावर ठेवा, “कागद आणून येतो” म्हणून मोठ्याने बाहेर पडा, आणि दर ३० सेकंदांनी मूल कशाशी गुंतलं आहे ते नोंदवा. ८ मिनिटांत १६ नोंदी होतात. दोन निरीक्षकांच्या किमान १४ नोंदी जुळल्या पाहिजेत. पोषण आहाराच्या आधीची वेळ टाळा. मोबाईल खोलीत ठेवू नका, सगळी मुलं त्याच्याकडेच वळतील. नंतर मुलांना सांगा की आम्ही पाहत होतो, आणि कशासाठी.

कामाच्या ठिकाणी धोका वेगळा आहे. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून किती किलो वेचला हा आकडा प्रेरणेचा वाटतो. खरं तर तो बोंडं किती फुटली आहेत, पहिला वेचा आहे की फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांचा घेतलेला कापूस), यावर जास्त ठरतो. तुलना करायचीच तर एकच वावर, एकच दिवस, आणि वजनासोबत कापसात पाला किती आला तेही पाहा. आशा सेविकांना अनेक कामांसाठी कामानुसार मोबदला मिळतो. तिथे एक मोबदल्याचं आणि एक बिनमोबदल्याचं काम निवडून दोन्हींची कारणं वेगवेगळी विचारा. पगारी नोकरांसाठी मेरिलेन गान्ये आणि सहकाऱ्यांची २०१५ ची १९ विधानांची प्रश्नावली आधाराला घ्या, पण ती वरिष्ठांच्या हातून वाटू नका.

स्वतःच्या निर्णयांबाबत, माणसाच्या हातात पर्याय खरंच होता का, हे आधी नोंदवा. दहावीनंतर शाळा सोडलेल्या मुलीला प्रेरणा नव्हती असं लिहिण्याआधी अकरावीचं कॉलेज किती किलोमीटरवर, एसटी किती वाजता, घरी लहान भावंडं कोण सांभाळतं, हे तीन रकाने भरा. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडण्यासारख्या निर्णयात ० ते १० ची दोन मापं उपयोगी पडतात: सोडणं किती महत्त्वाचं वाटतं, आणि जमेल असं किती वाटतं. कोणी ५ सांगितलं की विचारा, “भाऊ, ५ म्हणालात, २ काऊन नाही?” उत्तरात त्याची स्वतःची कारणं येतात. “१० काऊन नाही?” विचारलं तर सबबी येतात. किती खर्रे खाल्ले ही आठवण कच्ची असते, म्हणून रिकाम्या पन्न्या एका डब्यात टाकायला सांगा आणि आठवड्याने मोजा.

वेळ निवडताना गावाचं वर्ष पाहा. दिवाळीनंतर वेचणी ऐन भरात असते, हजेरी पडते, आणि जी मुलं शाळेत दिसतात ती सगळ्या गावाची नसतात. मेळघाटातली कुटुंबं कामाला बाहेर गेलेली असतात, होळीला परततात. मे महिन्यात गडचिरोलीकडे तेंदूपत्ता असतो. पोळ्याच्या आठवड्यात आणि परीक्षेच्या तोंडावर घेतलेली मापं तुलनेला वापरू नका. दोनदा मोजायचं असेल तर हंगाम एकच हवा.

परवानगीचं काम पहिल्याच आठवड्यात करा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि मुलाचा स्वतःचा होकारही: ७ ते १२ वयात तोंडी, त्यापुढे लेखी. अंगठा लावणाऱ्या पालकांसाठी कागद साक्षीदारासमोर वाचून दाखवा. क्रमांक आणि नावांची यादी वेगळ्या वहीत, कुलपात. शाळेला किंवा गटाला निकाल परत द्या, पण सरासरीचा. एकेका मुलाचा निर्देशांक शिक्षकांनी मागितला तरी देऊ नका, आणि दहापेक्षा कमी मुलांच्या वर्गाचा आकडा वेगळा छापू नका, कारण एवढ्याशा वर्गात कोणाचं उत्तर कोणतं हे गाव सहज ओळखतं.