घरच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर मित्र येत नाहीत? या चुका टाळा

"सर्व्हर चालू आहे, मी आत जातोय, पण मित्राला जोडताच येत नाही." ही तक्रार आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तपासलंस कुठून? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, "याच संगणकावरून." तिथेच अर्धा घोळ असतो.

हे सगळं माइनक्राफ्ट या खेळाच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर, म्हणजे मित्रांनी एकत्र खेळायचं जग चालवणारा प्रोग्राम, घरच्या संगणकावर चालवणाऱ्यांसाठी आहे. बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्यांचा पोर्ट, म्हणजे संगणकात शिरायचं क्रमांकाचं दार, १९१३२ आणि तो यूडीपी. जावाचा २५५६५ आणि तो टीसीपी. (यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवायच्या दोन पद्धती.) राउटरच्या पानावर नेमकी यांचीच अदलाबदल होते.

माझा तपासायचा क्रम ठरलेला आहे आणि तो मी मोडत नाही. आधी सर्व्हर ज्या संगणकावर आहे तिथूनच 'लोकलहोस्ट' हा पत्ता टाकून आत जायचं. मग घरातल्या दुसऱ्या संगणकावरून, १९२.१६८ने सुरू होणारा घरातला पत्ता टाकून. शेवटी बाहेरून. पहिल्या पायरीला अडलं तर गडबड सर्व्हरमध्ये, दुसऱ्या पायरीला अडलं तर बहुधा फायरवॉलमध्ये (बाहेरून येणारी जोडणी अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्यामध्ये), तिसऱ्या पायरीला अडलं तर राउटरमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे. दहा मिनिटांचं काम आहे. पण नवीन मुलं ते करत नाहीत. एखादा व्हिडिओ लावतात, त्यातल्या सगळ्या खटपटी एका दमात उरकतात, आणि मग कशाने बिघडलं, कशाने सुधारलं, काहीच सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते कागदावर लिहून ठेवा. मी आजही लिहितो.

बाहेरून म्हणजे खरोखरच बाहेरून. घरात बसून स्वतःचाच सार्वजनिक, म्हणजे इंटरनेटवर दिसणारा, पत्ता टाकला तर ती चाचणी होत नाही. घरातून निघून पुन्हा घरातच वळणारी वाहतूक बरेच राउटर हाताळत नाहीत, त्यामुळे सगळं ठीक असतानाही 'टाइम्ड आउट' दिसतं. दुसरा लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर जोडा आणि तिथून पाहा. पोर्ट उघडा आहे का हे सांगणाऱ्या वेबसाइट वापरणार असाल तर त्या वेळी सर्व्हर चालू हवा. ऐकणारं कोणी नसेल तर पोर्ट बंदच दिसणार.

राउटरला सार्वजनिक पत्ताच नसतो तेव्हा

माझ्या भाच्याने तीन मित्रांसाठी सर्व्हर उभारला आणि चार दिवस तो त्याच्याशी झगडत होता. फोनवर म्हणाला, "मामा, सगळं केलंय." खरंच केलं होतं. पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे राउटरने बाहेरची हाक कोणत्या संगणकाकडे पाठवायची याचा, नियम मी पाहिला: २५५६५, टीसीपी, १९२.१६८.१.७. एकही आकडा चुकलेला नव्हता. राउटर दोनदा फॅक्टरी रीसेट करून झाला होता. शेवटी वैतागून त्याने विंडोज नव्याने टाकलं होतं, आणि त्यात दोन वर्षं बांधत आणलेलं त्याचं एकट्याचं वर्ल्ड गेलं. वर्ल्डच्या फोल्डरची नक्कल घ्यायची असते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी त्याला म्हटलं, राउटरचं स्टेटस पान उघड आणि वॅनसमोरचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता वाच. "शंभर, बहात्तर…" मी तिथेच थांबवलं. मग 'माझा आयपी काय' हे सांगणारी वेबसाइट उघडायला लावली. तिथे दुसराच पत्ता होता.

हे दोन पत्ते जुळत नसतील तर राउटरमध्ये काहीही करा, उपयोग नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगात जेमतेम ४३० कोटी. ते पुरेनात म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात आणि त्याच्यासाठी १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली राखून ठेवला गेला. तुमच्या मित्राची हाक कंपनीच्या यंत्रापर्यंत येते. ती कोणत्या घरी पाठवायची हे त्या यंत्राला ठाऊक नसतं, म्हणून ती तिथेच गळते. तुमच्या राउटरपर्यंत ती पोचतच नाही.

वॅनचा पत्ता १९२.१६८ने सुरू होत असेल तर दुखणं वेगळं आहे. बहुधा घरात एकामागे एक दोन राउटर आहेत, आणि त्यांतला इंटरनेटच्या बाजूचा ब्रिज मोडमध्ये टाकला, म्हणजे त्याला नुसता निरोप पुढे पाठवणारा केला, की काम होतं. सीजीनॅट असेल तर कंपनीला फोन करून सार्वजनिक पत्ता मागा. मिळत नसेल तर टेलस्केल किंवा झीरोटियर हे खासगी नेटवर्क बांधणारे प्रोग्राम वापरा. दोन्ही छोट्या गटाला फुकट पुरतात, आणि सगळे मित्र जणू एकाच घरातल्या नेटवर्कवर येतात. भाच्याने तेच केलं आणि त्याच संध्याकाळी चौघं एकत्र खेळले. गेलेलं वर्ल्ड मात्र परत आलं नाही. म्हणून मी आता कोणालाही पोर्टबद्दल सांगायच्या आधी हे दोन पत्ते ताडून पाहायला लावतो.

फायरवॉल बंद करू नका

"फायरवॉल बंद केलं की चालतं" हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. संगणक डीएमझेडमध्ये टाका म्हणणारे त्याहून वाईट, कारण तिथे एका पोर्टसाठी सगळेच पोर्ट उघडे पडतात. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा-कोडमधला दोष उघड झाला, तेव्हा चॅटमध्ये एक ओळ टाकून दुसऱ्याच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. १.१८.१ आवृत्तीत तो दुरुस्त झाला. घरचा सर्व्हर कोणाला सापडणार, असं मानून चालू नका.

खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं. सर्व्हर पहिल्यांदा चालवला की विंडोज एक खिडकी दाखवून परवानगी विचारतं. घाईत 'कॅन्सल' दाबलं जातं, आणि त्याच क्षणी जावाला, म्हणजे सर्व्हर ज्या प्रोग्रामवर चालतो त्याला, अडवणारे नियम तयार होतात. पुढे तुम्ही २५५६५साठी परवानगीचा नियम केलात तरी फरक पडत नाही, कारण अडवणारा नियम परवानगीच्या नियमाला भारी पडतो. विंडोज फायरवॉलमधल्या इनबाउंड रूल्सच्या (आत येणाऱ्या जोडण्यांच्या नियमांच्या) यादीत 'ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी' किंवा जावाच्या नावाच्या, लाल खूण असलेल्या ओळी शोधा. त्या काढा, मग परवानगीचा नियम करा. नेटवर्क 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट' हेही पाहून घ्या; परवानगीचा नियम त्याच प्रकाराला लागू हवा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

सर्व्हर-प्रॉपर्टीज या सेटिंगच्या फाइलमध्ये सर्व्हर-आयपीची जागा रिकामी ठेवा. तिथे सार्वजनिक पत्ता भरला की 'फेल्ड टू बाइंड टू पोर्ट' येतं.

राउटर बंद होऊन चालू झाला की संगणकाचा घरातला पत्ता बदलू शकतो, आणि नियम जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतो. राउटरमध्ये तो पत्ता त्या संगणकासाठी राखून ठेवा.

'रिफ्यूज्ड' म्हणजे हाक पोचली, पण बहुधा दार उघडायला कोणी नाही. सर्व्हर चालू आहे का ते पाहा. 'टाइम्ड आउट' म्हणजे हाक वाटेतच गेली. हे दोन संदेश एकच समजू नका, आणि मदत मागताना "एरर येतोय" एवढ्यावर थांबू नका. शब्दन् शब्द लिहून द्या.

माइनक्राफ्ट १.१८ ते १.२०.४ला जावा १७ लागतं, १.२०.५ ते १.२१.११ला जावा २१. सर्व्हर उघडताच बंद होत असेल तर आधी हेच तपासा.

८ जीबी मेमरीच्या संगणकावर खेळही चालवायचा आणि सर्व्हरला ६ जीबी द्यायची, हे जमणार नाही. खेळ अडखळत असेल तर व्ह्यू-डिस्टन्स (किती दूरपर्यंतचं जग दाखवायचं तो आकडा) १०वरून ६वर आणा. प्रत्येक खेळाडूमागे ४४१ चंक, म्हणजे जगाचे तुकडे, सांभाळायचे ते १६९वर येतात. वायफायऐवजी केबलही लावा.

ऑनलाइन-मोड 'फॉल्स' करायला मी कोणालाच मदत करत नाही. त्याने खात्याची ओळख तपासणंच थांबतं, आणि तुमचं नाव लावून कोणीही ऑपरेटर, म्हणजे सर्व्हरचे अधिकार असलेला खेळाडू, म्हणून आत येऊ शकतं.

सर्व्हर उभा राहिला की मित्रांना पत्ता कळवायच्या आधी व्हाइटलिस्ट (आत येऊ द्यायच्या खेळाडूंची यादी) चालू करा, एकेकाचं नाव त्यात घाला, आणि सर्व्हर थांबवून वर्ल्डच्या फोल्डरची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मगच पत्ता पाठवा.