अस्थिविसर्जनासाठी होडी ठरवताना
कोकणात अस्थिविसर्जनासाठी होडी ठरवायची असल्यास भाड्याआधी तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, भरतीची वेळ विचारावी. कारण ओहोटीत खाडीच्या मुखाशी होडी वाळूला टेकते आणि चढत्या भरतीत सोडलेली फुले पुन्हा किनाऱ्याकडेच येतात. भरती भरून पाणी ओसरू लागते, तेव्हाचा तासभर उत्तम. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून गुरुजींशी वेळ त्या दिवशीची भरती कळल्यावरच ठरवावी; बहुतेक गुरुजी समजून घेतात. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, समुद्र खवळलेला असतो आणि बहुतेक होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा होडीचा आग्रह धरू नये. रक्षा उभ्याने उधळल्यास वाऱ्याने अंगावर येते. बसून, वाऱ्याआडच्या बाजूने, मडके पाण्यालगत नेऊन हळूच कलते करावे.