आधी डिस्क बघा, मग रॅमचं बोला

मावशी पीसीचं बटण दाबून चहा ठेवायची. चहा उकळायचा, गाळून, पिऊन, कप विसळून व्हायचा, तरी पडद्यावर ते गोल फिरतंच. दुकानदाराने चार जीबीची आठ जीबी रॅम, म्हणजे चालू कामापुरती लागणारी मेमरी, करून दिली. फरक काडीचा नाही. मग मला फोन, "अगं, एकदा येऊन बघतेस का?"

मी गेल्या गेल्या स्क्रू-ड्रायव्हर काढत नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबायचं, टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडायचं आणि मशीन रखडलेलं असताना कोणता आकडा वर टेकलाय ते बघायचं. मावशीकडे सीपीयू म्हणजे प्रोसेसर ८ टक्के, रॅम निम्मी मोकळी आणि फाइली साठवणारी डिस्क १०० टक्के. पण एवढं करून वाचन किती? सेकंदाला दीड एमबी! रिस्पॉन्स टाइम, म्हणजे डिस्कला उत्तर द्यायला लागणारा वेळ, २००० मिलिसेकंदांच्या वर. धडधाकट हार्ड डिस्कला एका जागेहून दुसरीकडे जायला साधारण १० मिलिसेकंद पुरतात.

असं दिसलं की क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका आणि यादीतल्या तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाले म्हणून बदललेले सेक्टर, डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे धड वाचता न येणारे. डिस्क तिथेच डोकं आपटत बसते आणि मागे सगळे रांगेत. मावशीच्या सी५समोर ३८ होतं. हे आकडे तिथे बहुधा हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले असतात, म्हणजे खरे ५६. तिसरी ओळ सी७, म्हणजे केबलमधून माहिती जाताना झालेल्या चुका. ती एकटीच वाढत असेल तर आधी डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदला, स्वस्तात सुटाल.

सी५समोर शून्याहून मोठा आकडा दिसला की डीफ्रॅग (फाइलींचे तुकडे एकत्र लावणं) नाही, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) नाही. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा. नातवाच्या बारशाचे फोटो उतरायला आख्खी रात्र गेली, पण उतरले. मग साटा एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, बसवली. डिस्क ठणठणीत असली तरी हा बदल मी आधी सुचवते, कारण एसएसडीत फिरणारा भागच नसतो.

रॅम कधी घ्यायची? चार टॅब उघडल्यावर मेमरी नव्वदीपार जाऊन तिथेच राहिली तर. दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्या. डीडीआर३ आणि डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

सुरुवातीला बरा चालणारा पीसी वीस मिनिटांनी मंदावत असेल, त्यातही उन्हाळ्यात, तर उष्णतेवर संशय घ्या. प्रोसेसर तापला की जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवतो. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग झाकण उघडा. मावशीच्या पंख्याखाली धुळीचा चक्क नमदा जमला होता. ब्रशने काढा, हवा मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरा, भिरभिरू देऊ नका. प्रोसेसरवरचा उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा, हीटसिंक, उचललाच तर त्याखालची जुनी वाळलेली उष्णतावाहक पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी वाटाण्याएवढी लावा. जास्त नको, ती श्रीखंड नाही. इंटेलचा पिनांचा पंखा असेल तर तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना जोडीने दाबा आणि चारही पिना बोर्डाच्या मागून नीट बाहेर आल्यात का ते बघा. एक जरी अर्धवट राहिली तरी पंखा छान फिरत राहतो आणि खाली प्रोसेसर तापत बसतो.