कांदा काढताना पापुद्रा सांभाळा

काढणी जवळ आली की सगळं लक्ष कांद्याच्या वजनाकडे जातं. या वेळी थोडं पापुद्र्याकडेही द्या. कांद्यातलं क्वेरसेटिन हे अँटिऑक्सिडंट सगळ्यात जास्त असतं ते या सुक्या, रंगीत पापुद्र्यात आणि त्याच्या लगतच्या एक-दोन मांसल थरांत. गाभ्याकडे ते कमी होत जातं. लाल-पिवळ्या कांद्यात ते भरपूर, पांढऱ्यात जवळजवळ नाहीच.

कांद्याला हे स्वतःच्या रक्षणासाठीही लागतं. पापुद्रा सुकताना क्वेरसेटिनपासून प्रोटोकॅटेच्युइक आम्ल तयार होतं. रंगीत कांद्याच्या सालीतलं हेच आम्ल काळ्या डागाच्या बुरशीला रुजू देत नाही, हे शास्त्रज्ञांनी 1929 सालीच दाखवलं. पांढऱ्या कांद्यावर तो रोग जास्त दिसतो तो यामुळेच. पांढरा लावला असेल, तर काढणीनंतर तो अजिबात भिजू देऊ नका.

निम्म्या माना पडल्या, म्हणजे निम्म्या कांद्यांची पात कांद्याच्या वरच मोडून आडवी झाली, की कांदा काढा. त्याआधी 10-15 दिवस पाणी तोडा. नत्र उशिरा दिलेलं असेल तर मान जाड राहते, आणि तसला माल साठवणीत आधी सडतो. तो वेगळा काढून लगेच विका. उपटलेला कांदा ओळीने असा पसरा, की एका ओळीची पात शेजारच्या ओळीतल्या कांद्यांवर येईल. शेतात असा 3 ते 5 दिवस वाळू द्या. उजेडात क्वेरसेटिन वाढतं हे खरं, पण म्हणून कांदा उघडा टाकू नका. कडक उन्हात तो भाजतो आणि भाजलेली जागा पुढे मऊ पडते. मग 2-3 सेंटिमीटर मान ठेवून पात कापा आणि 10-12 दिवस सावलीत पातळ थरात सुकवा.

चकाकी यावी म्हणून पापुद्रे चोळून काढायची सवय मला अगदी खटकते. कांद्याचं चिलखतच आपण हाताने उतरवतो. उंचावरून ओतणंही टाळा.

क्वेरसेटिनचं नाव सांगून कांदा औषध म्हणून मात्र विकू नका. परीक्षानळीत ते जोरदार काम करतं. पोटात गेल्यावर आतडी आणि यकृत त्याचं रूप बदलून टाकतात. खाणाऱ्याला एवढंच सांगा: सोलताना वरचे मांसल थर फेकू नका, आणि उकडलात तर ते पाणीही वापरा, कारण बरंचसं क्वेरसेटिन त्यात उतरतं.

साठवण्याआधी दहा-वीस कांद्यांची मान चिमटीत दाबून बघा. आत काही सरकल्यासारखं, ओलसर लागलं, तर आणखी दोन दिवस थांबा.