ईपीएबीएक्सवर पॅच टाकायचाय? आधी ऑपरेटर मॅडमना भेटा (नवीन मुलांसाठी अनुभव)

मी ई अँड टीसीचा डिप्लोमावाला. पहिली नोकरी लागली ती पुण्यात, ईपीएबीएक्स (म्हणजे ऑफिसचं स्वतःचं टेलिफोन एक्सचेंज) विकणाऱ्या आणि एएमसीवर सांभाळणाऱ्या एका छोट्या कंपनीत. पहिलं दीड वर्ष एमडीएफसमोर (सगळ्या फोनच्या वायरी जिथे येऊन जोडतात ती चौकट) उकिडवं बसून क्रोनच्या पट्टीवर वायरी पंच करण्यातच गेलं. सोबतचे मित्र जावा शिकत होते आणि मी बॅटरीत पाणी भरत होतो. पण मधल्या काळात एक्सचेंजच्या पेटीत लिनक्स येऊन बसला, पीआरआयच्या (टेलिफोन कंपनीच्या डिजिटल लाइनच्या) जागी सिप ट्रंक (नेटवर्कवरून येणाऱ्या फोनलाइन) यायला लागले, आणि मोबाईलला येतात तसे ईपीएबीएक्सलाही अपडेट आणि सिक्युरिटी पॅच (सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या) यायला लागले. ते टाकणारा माणूस लागतो. हे शिकवणारा क्लास मला तरी कुठे दिसला नाही, आम्ही मार खाऊनच शिकलो, म्हणून म्हटलं लिहून टाकू, कुणाचा तरी एखादा मार वाचेल.

माझा पहिला पॅच चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यात. ॲस्टेरिस्क नावाच्या फुकट एक्सचेंज सॉफ्टवेअरवर चालणारं फ्रीपीबीएक्स, सर्व्हरमध्ये पीआरआयचं कार्ड, म्हणजे एका वायरीवर ३० कॉल. शनिवारी रात्री साडेदहाला बसलो. मला फक्त पीबीएक्सचे मॉड्यूल अपडेट करायला सांगितलं होतं, पण मी शहाणा, म्हटलं आलोच आहोत तर पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिमच अपडेट करून टाकू, साहेब खूश होतील. सगळं उतरलं, रीस्टार्ट दिला, सिस्टिम वर आली, एक्स्टेंशनवरून एक्स्टेंशनला फोन लावला, वाजला, आवाज खणखणीत. बॅग भरली. निघताना सहज माझ्या मोबाईलवरून कंपनीच्या बोर्ड नंबरला फोन केला तर नुसता एंगेज टोन. परत केला, परत तेच.

पळत रॅककडे गेलो, कार्डावरचा दिवा हिरवा नव्हता. माझे हातपाय गार. आमच्या सीनियरना, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, रात्री एकला उठवलं. त्यांनी झोपेतच विचारलं, "कर्नल बदललं का रे?" मला तेव्हा कर्नल बदललं म्हणजे काय हेच धड माहीत नव्हतं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रकार असा असतो की पीआरआय कार्डचा ड्रायव्हर, ज्याला डाहडी म्हणतात, तो ज्या कर्नलसाठी बनवलाय त्याच कर्नलवर चालतो. मी नवीन कर्नल टाकलं आणि ड्रायव्हर राहिला जुन्याचा, मग सिस्टिमच्या दृष्टीने ते कार्ड तिथे नाहीच. अण्णा म्हणाले, "घाबरू नकोस, जुनं कर्नल डिस्कवर असतं अजून, बूट होताना ते निवड." पण निवडणार कसं, रॅकमध्ये ना मॉनिटर ना कीबोर्ड! शेवटी गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांच्या हातापाया पडून त्यांच्या केबिनमधला सीसीटीव्हीचा मॉनिटर उचलून आणला, कीबोर्ड स्टोअरच्या कॉम्प्युटरचा काढला, आणि अडीच वाजता दिवा हिरवा झाला. काका तोपर्यंत दर दहा मिनिटांनी येऊन विचारत होते, माझा टीव्ही कधी देणार.

तेव्हापासून एका रात्री एकच थर, हा माझा नियम. खाली ऑपरेटिंग सिस्टिम, त्यावर पीबीएक्सचं सॉफ्टवेअर, त्यावर मॉड्यूल, आणि सगळ्यात शेवटी टेबलावरच्या फोनचं फर्मवेअर. चारही एकदम केले आणि बिघडलं तर कशाने बिघडलं हे देवालाही सांगता येणार नाही. कार्ड असलेल्या मशीनवर कर्नल वगळूनच अपडेट करायचं, आणि कर्नल बदलायचंच असेल तर त्याच रात्री ड्रायव्हर नव्याने बनवायची तयारी ठेवून जायचं.

पण खरा धडा मिळाला सोमवारी. परचेसच्या साहेबांचा डायरेक्ट नंबर लागत नव्हता. "तुम्ही शनिवारी काहीतरी केलंत, तेव्हापासून बंद आहे." मी सगळं तपासलं, कॉन्फिगरेशन जसंच्या तसं होतं. चार दिवसांनी ऑपरेटर मॅडम चहा पिता पिता म्हणाल्या, अरे तो नंबर तर गणपतीपासून बंद आहे. झालं! पण मॅनेजरच्या डोक्यात माझं नाव बसलं ते बसलंच, कारण आधी काय चालू होतं याचा माझ्याकडे कागदच नव्हता.

म्हणून आता मी पॅचच्या आदल्या दिवशी साईटवर जातो आणि वहीत लिहून काढतो. किती एक्स्टेंशन रजिस्टर आहेत, कुठले मेलेले आहेत, ट्रंक वर (म्हणजे चालू) आहे का, कुठला अलार्म आधीपासून लाल आहे, प्रत्येक मॉड्यूलचं व्हर्जन काय, डिस्क किती भरलीये (रेकॉर्डिंगने डिस्क भरलेली असते आणि अपडेट अर्ध्यात अडकतो, हे तुम्हाला एकदा तरी भेटणारच). स्क्रीनचे फोटो काढायचे. आणि मग ऑपरेटर मॅडमसमोर खुर्ची ओढून बसायचं. हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. कुठल्या साहेबांचे कॉल सेक्रेटरीकडे वळवलेत, कुठला फोन खरखरतो, लिफ्टमधला फोन कुठल्या एक्स्टेंशनवर आहे, फायर पॅनेल कुठल्या लाइनवरून डायल करतं, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि आयटीवाल्यांना त्यातलं निम्मं माहीत नसतं. यादी झाली की खाली त्यांची सही घ्यायची.

आता क्लायंट विचारणार, चालतंय ना सगळं, मग हात कशाला लावायचा? हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही, मलाही उगाच अपडेट करायला आवडत नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये काय झालं बघा. फ्रीपीबीएक्सच्या एंडपॉइंट मॉड्यूलमध्ये भोक सापडलं, त्याचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२५-५७८१९, गंभीरता १० पैकी १०. ज्यांचं ॲडमिनचं पान इंटरनेटवर उघडं होतं त्यांच्याकडे चोर पॅच यायच्या आधीच घुसले होते. १५, १६ आणि १७ तिन्ही व्हर्जनसाठी पॅच आला, पण पॅच फक्त दार लावतो, आत बसलेल्याला बाहेर काढत नाही, हे नवीन मुलांच्या लक्षातच येत नाही. अशा वेळी खुणा शोधाव्या लागतात, लॉग बघावे लागतात, संशय आला तर घुसखोरीच्या आधीच्या बॅकअपवरून नवीन मशीन उभं करून सगळे पासवर्ड बदलावे लागतात. आणि ईपीएबीएक्समध्ये घुसून चोराला मिळतं काय? तर शनिवारी रात्री तुमच्या ट्रंकवरून महागड्या परदेशी नंबरांना कॉल लावत बसतो, ज्याचे पैसे त्याला मिळतात आणि बिल तुमच्या क्लायंटला. ज्यांना आयएसडी लागतच नाही त्यांचं ते बंदच करून घ्या, पॅचपेक्षा स्वस्त उपाय.

उलट बाजूही आहे. मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्सच्या (ही पण एक ऑफिस फोन सिस्टिम) डेस्कटॉप ॲपचा अपडेटच विषारी निघाला, तोही कंपनीच्या अधिकृत सहीचा! म्हणजे ज्यांनी इमानदारीत लगेच अपडेट केलं तेच अडकले. मग करायचं काय? मी असं करतो: साधा पॅच असेल तर रिलीज नोट वाचून दोन आठवडे थांबतो, बाकीच्यांना आधी पडू देतो. पण भोकाचा वापर चालू झालाय अशी बातमी असेल तर त्याच तासाला फायरवॉलवर ॲडमिनचं पान बाहेरच्यांसाठी बंद, आणि त्याच रात्री पॅच. तसं ते पान मुळात उघडं असायलाच नको. आणि काही सिस्टिम अशा आहेत की त्यांना पॅच येणंच बंद झालंय, जसं सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, त्यावर बसलेल्या जुन्या पेट्या अजून भरपूर आहेत. तिथे पॅचच्या गप्पा मारू नका, नवीन मशीनचं कोटेशन द्या.

बॅकअपबद्दल एवढंच सांगतो की त्याच मशीनच्या डिस्कवर ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नसतो. लॅपटॉपवर उतरवा आणि एकदा तरी व्हर्च्युअल मशीनवर रिस्टोअर करून बघा. मी एकदा बघितला तर फाइल शून्य केबीची, सहा महिने रोज रात्री न चुकता शून्य केबीचा बॅकअप होत होता. व्हर्च्युअल सर्व्हर असेल तर लोक स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) घेतात, घ्या, पण आपल्या सॉफ्टवेअर कंपनीला ते चालतं का बघा आणि काम झालं की काढून टाका, विसरलात तर डिस्क हळू होते आणि पुढे आवाज तुटायला लागला की कुणाला आठवत नाही.

रात्रीच्या कामाचं वेळापत्रक मेलवर मंजूर करून घ्यायचं, तोंडी "हो हो करा" चालत नाही. त्यात मागे फिरायची वेळ लिहायची, म्हणजे एक वाजेपर्यंत ट्रंक वर आला नाही तर जुन्यावर परत, चर्चा नाही. ही वेळ दुपारी शुद्धीत असताना ठरवायची, रात्री दीडला माणसाला वाटतं आता पाचच मिनिटांत होईल, आणि त्या पाच मिनिटांत उजाडतं. घरून रिमोटने करत असाल तर स्क्रीन किंवा टीमक्स (नेट तुटलं तरी कमांड चालू ठेवणारे प्रोग्राम) यांच्या आत कमांड चालवा, नाहीतर नेट गेलं की अपडेट अर्धवट. रीस्टार्टच्या आधी चालू कॉल बघा. ॲस्टेरिस्कला "कोअर रीस्टार्ट व्हेन कन्व्हिनियंट" सांगितलं की कॉल संपेपर्यंत ते थांबतं, कुणाचं बोलणं तोडत नाही.

मोठ्या सिस्टिमवर थोडं सुख असतं. अवायाच्या जोडी सर्व्हरवर आधी स्टँडबायवर पॅच टाकायचा, मग अदलाबदल करायची, मग दुसऱ्यावर. सिस्कोत नवीन व्हर्जन डिस्कच्या वापरात नसलेल्या पार्टिशनवर उतरतं, आधी पब्लिशर (मुख्य सर्व्हर) मग सबस्क्रायबर (बाकीचे), आणि पुढे जायच्या आधी डेटाबेस रेप्लिकेशन सगळीकडे २ (म्हणजे ठीक) दाखवतंय ना हे बघायचं. ते काम हाताखाली करत शिकाल, सुरुवातीला कुणी एकट्याला देत नाही.

टेस्टिंग मात्र कानानेच. स्क्रीनवर सगळं हिरवं असतं आणि आवाज एकाच बाजूने जात असतो, कारण घंटी सिपने वाजते आणि आवाज आरटीपीने जातो, दोघांचे रस्ते वेगळे. बाहेरून आत, आतून बाहेर, होल्ड, ट्रान्सफर, आयव्हीआरमध्ये ("अमुकसाठी एक दाबा" म्हणणारा रेकॉर्डेड आवाज) बटण दाबून, रेकॉर्डिंग ऐकून. आणि एक लांब कॉल हवाच. एका साईटवर बरोबर १५ मिनिटांनी कॉल कटायचे, सेशन टायमर १८०० सेकंदांचा, त्याच्या निम्म्यावर सिस्टिम समोरच्याला विचारते आहेस का, आणि पॅचनंतर ते उत्तर वाटेत अडत होतं. दोन मिनिटांच्या टेस्टमध्ये हे कधीच कळलं नसतं. आता आम्ही एका फोनशेजारी मोबाईलवर भावगीतं लावतो, दुसऱ्या फोनचा रिसीव्हर टेबलावर काढून ठेवतो आणि वीस मिनिटं चहा.

शिकायचं कुठून म्हणाल, तर जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, त्यात ॲस्टेरिस्क, दोन मोबाईलवर लिनफोन (सिपने फोन लावायचं ॲप), झाला तुमचा कारखाना. तो मुद्दाम मोडा आणि परत उभा करा. एसएनग्रेपमध्ये (सिपचे मेसेज दाखवणारा प्रोग्राम) एकेक मेसेज कसा जातो ते बघा, ४०१ चा एरर कोड कधी येतो, ५०३ चा कधी येतो. सिपचं मूळ कागदपत्र म्हणजे आरएफसी ३२६१, २००२ सालचं, कंटाळवाणं आहे पण पहिले काही भाग वाचाच, इंटरव्ह्यूत तिथलंच विचारतात. आणि घरी सांगून ठेवा की शनिवार-रविवारची लग्नं हुकणार, कॉम्प-ऑफ मिळतो म्हणे, मला तरी मागितल्याशिवाय कधी मिळाला नाही.

मागच्या महिन्यात त्याच चाकणच्या साईटवर पॅच होता. सोमवारी नऊला मी बोर्डपाशी जाऊन बसलो, बसायचंच असतं, पहिला तास. साडेनऊला आयटीवाले आले, "३४७ ला एकाच बाजूने आवाज येतोय, तुमच्या पॅचने." मी वही उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "ते मी शुक्रवारीच लिहून सही करून दिलंय, महिना झाला." मग आम्ही तिघे ३४७ पाशी गेलो. रिसीव्हरची कुरळी वायर आतून तुटली होती.