जादू रोजच्या वापरातली वाटावी म्हणून

काल्पनिक कथेत पात्रंच जादू बघून थक्क होत राहिली, तर ती त्यांच्या जगातली वाटत नाही. त्यावर उपाय:

१. जादू करताना पात्राचं लक्ष दुसरीकडे ठेवा. आजी बोट फिरवून चूल पेटवते, पण बोलते नातीच्या स्थळाबद्दल. जाळाचं वर्णन अर्ध्या ओळीत उरका.

२. जादूची काहीतरी किंमत ठेवा. चूल पेटवली की बोट तासभर बधिर होतं, म्हणून सकाळी कोणी पेटवायची यावरून जावाजावांत धुसफूस. शिवणकाम करणारी धाकटी तर साफ नकार देते. खरी गोष्ट इथेच सापडते, मंत्रात नाही.

३. नियम समजावत बसू नका. वाचकाला बधिर बोटातून निसटलेली सुई दिसू द्या.

फक्त ठरवलेला नियम शेवटी सोयीसाठी मोडू नका. लढाईतही बोट बधिर व्हायलाच हवं.